आकडे वाचणाऱ्यांचे मोल



या व्याख्यानमालेच्या फलकावर आजचा विषय वाचून काही मंडळी थबकली असतील. नर्सीच्या नामदेवांचा हा जिल्हा, औंढ्याच्या नागनाथाचा हा परिसर; येथे संतवाङ्मयावर बोलावे, मुक्तिसंग्रामावर बोलावे; कंपनीतल्या आकडेवारीच्या खात्यावर बोलण्यासारखे ते काय आहे? परंतु पुण्यास 1875 साली वसंत व्याख्यानमालेचा पाया घालणारे न्यायमूर्ती रानडे हे अर्थशास्त्राचेही अभ्यासक होते. व्यापार आणि हिशेब हे विषय त्यांना वर्ज्य नव्हते. मग ते आपण का वर्ज्य मानावे?

शिवाय हा विषय आता आपल्या माजघरात येऊन बसला आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगावच्या कितीतरी घरांतील मुले-मुली आज पुण्यास किंवा हैदराबादेस 'डेटा ॲनालिस्ट' म्हणून नोकरी करीत आहेत. दिवाळीला ती गावी आली की आजोबा विचारतात, "बाळ, तू तिथे करतोस तरी काय?" मुलगा सांगतो, "आकडे पाहतो." आजोबा म्हणतात, "ते ठीक. पण आकडे पाहून होते काय?" बंधुहो, आजोबांचा हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. अगदी हाच प्रश्न त्या मुलाच्या कंपनीचे संचालक वर्षाअखेर विचारीत असतात. कंपनीला बरे दिवस असतात तोवर तो हसत विचारला जातो. धंदा मंदावला, की तोच प्रश्न कात्री हातात घेऊन येतो. कोणते खाते बंद केले तर उद्या सकाळी कोणाच्या लक्षातही येणार नाही, याचा शोध सुरू होतो आणि बोट प्रथम आकडेवाल्यांकडे वळते.

तसे का व्हावे? काट्यावरचा माणूस आला नाही तर गाड्यांची रांग लागते. हमाल आले नाहीत तर पोती जागची हलत नाहीत. मुनीम आला नाही तर पैसे चुकते होत नाहीत. या सर्वांचे काम डोळ्यांना दिसते. आकडे वाचणाऱ्याचे तसे नाही. मुनीम काय घडले ते लिहून ठेवतो; हा त्या लिहिलेल्यातून पुढे काय करावे ते सांगतो. त्याचे सांगणे ऐकून दुसऱ्याच कोणी निर्णय घेतला, तिसऱ्याने तो अमलात आणला आणि नफा झाला, तर त्या नफ्यावर याचे नाव कोठेच नसते. म्हणून या लोकांनी आपले मोल कसे दाखवावे, आणि आपण मालकांनी व भागधारकांनी ते कसे तपासून घ्यावे, एवढाच आजचा विषय आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर करू. पुष्कळ ठिकाणी हे खाते आपले काम मोजून दाखवते ते असे : वर्षात इतके अहवाल काढले, इतके तक्ते केले, इतक्या रंगीत आकृत्या पडद्यावर लावल्या. हे म्हणजे वैद्याने बरे झालेले रोगी न मोजता लिहून दिलेल्या चिठ्ठ्या मोजण्यासारखे झाले. ज्या अहवालाने कोणाचाही निर्णय बदलला नाही, त्याची किंमत कागदाइतकीच, आणि आता कागदही लागत नाही. आकड्याचे मोल तो ज्या निर्णयाला वळण देतो त्या निर्णयात असते. हे सूत्र एकदा मान्य केले की पुढची वाट बरीच सोपी होते.

आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. वसमतला पूर्णा सहकारी साखर कारखाना आहे, हे आपण सारे जाणता. कोणत्याही साखर कारखान्यात एक प्रयोगशाळा असते आणि एक शेतकी खाते असते. कोणत्या गटात कोणत्या तारखेला लागण झाली, ऊस आडसाली आहे, पूर्वहंगामी आहे, सुरू आहे की खोडवा, जात को 86032 आहे की दुसरी, याच्या नोंदी शेतकी खात्यात असतात. हंगाम जवळ आला की उसाच्या रसातील ब्रिक्स तपासतात. या सगळ्या नोंदी एकत्र वाचून, कोणता ऊस आज पक्व आहे आणि कोणता पंधरा दिवसांनी होईल, हे ठरवायचे आणि त्याप्रमाणे तोडणीचा क्रम लावायचा. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला तर त्याचे वजनही घटते आणि साखरही घटते. म्हणून तोडणीच्या टोळ्या, वाहने आणि गव्हाण यांचा मेळ घालणे हेही याच कामात येते. 'ॲनालिटिक्स' हा शब्द आपल्याकडे येण्यापूर्वीपासून हे काम चालत आले आहे.

आता त्याचे मोल पाहा. हिशेबासाठी असे धरू की एका कारखान्याने हंगामात 4 लाख टन ऊस गाळला आणि तोडणीचा क्रम नीट लावल्यामुळे साखरेचा उतारा 10 टक्क्यांवरून 10.1 टक्के झाला. दशांश टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण 4 लाख टनांचा दशांश टक्का म्हणजे 400 टन, अर्थात 4,000 क्विंटल साखर. सरकारने 2019 साली साखरेचा किमान विक्रीदर किलोला 31 रुपये ठरवला होता. तोच दर धरला तरी ही साखर 1 कोटी 24 लाख रुपयांची होते. जमीन तीच, पाणी तेच, गाळपाचे यंत्र तेच. बदलला तो केवळ क्रम.

येथे एक प्रामाणिक शंका उभी राहते. हा सगळा कारखान्याचा नफा काय? नव्हे. केंद्र सरकार ठरवते तो उसाचा रास्त व किफायतशीर दर उताऱ्याशी बांधलेला असतो. 2025-26 च्या हंगामासाठी तो 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये होता आणि त्यावरील प्रत्येक दशांश टक्क्याला 3 रुपये 46 पैसे जादा होते. म्हणजे मूळ उताऱ्याच्या वर गेलेल्या कारखान्यात वाढीचे पैसे ऊस घालणाऱ्याच्या पदरात पडतात. आकडेवाल्याने "मी कारखान्याला सव्वा कोटी मिळवून दिले" असे म्हटले तर ते खोटे ठरेल. "सव्वा कोटीची साखर जास्त निघाली, आणि ती कोणाकोणात कशी वाटली गेली ते असे" असे त्याने म्हणावे. सहकारी कारखान्यात ऊस घालणारा हाच मालक असल्यामुळे हे सांगण्यात त्याला संकोच वाटण्याचे कारण नाही.

परंतु खरी अडचण पुढेच आहे. उतारा वाढला तो तोडणीच्या क्रमामुळेच कशावरून? त्या वर्षी थंडी चांगली पडली असेल. पाऊस वेळेवर उघडला असेल. कारखान्याने गिरणीची दुरुस्ती केली असेल. याच ठिकाणी बहुतेकांचे पाय घसरतात.

आपल्या हळदीकडेच पाहा ना. महाराष्ट्रात हळदीच्या क्षेत्रात हिंगोली जिल्हा आज अग्रभागी आहे, आणि हिंगोली व वसमतचे मोंढे हळदीसाठी दूरवर ठाऊक आहेत. 2023 च्या उन्हाळ्यात हळदीचा भाव मंदीत होता. पावसाळ्यात तो असा चढला की दुपटीच्या घरात जाऊन पोचला. ज्यांच्या गोदामात हळद पडून होती ते सारेच शहाणे ठरले. समजा त्या वर्षी एखाद्या कंपनीच्या आकडेवाल्याने "माल ठेवा" असे म्हटले असते, तर सारा फायदा त्याच्या नावावर मांडावा काय? ज्याने आळसाने माल विकला नाही त्यालाही तोच भाव मिळाला! मृगाचा पाऊस सगळ्यांच्याच शेतात पडतो. त्याचे श्रेय एकट्याने घ्यायचे नसते. आकडेवाल्याच्या वाट्याला येतो तो फरक एवढाच : त्याच्या सांगण्याने जे झाले, आणि तो नसता तर जे झालेच असते, या दोहोंमधला.

'तो नसता तर' हे जग डोळ्यांना दिसत नाही. ते दिसावे म्हणून शेजारी तुलनेला काहीतरी ठेवावे लागते. महाराष्ट्रात याचा उत्तम धडा धनंजयराव गाडगीळ यांनी घालून दिला आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभांची पाहणी त्यांनी केली आणि तिचा अहवाल 1948 साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी अमदानीत कालव्याची किंमत सरकारी तिजोरीत पाणीपट्टी किती जमा झाली यावर ठरे, आणि त्या मापाने दख्खनचे कालवे तोट्याचे वाटत. गाडगीळांनी कालव्याखालचा आणि कोरडवाहू भाग शेजारी ठेवून पाहिला : पिके, उत्पन्न, मजुरी, व्यापार यांत फरक काय पडला? प्रत्यक्ष लाभ निराळे मांडले, अप्रत्यक्ष लाभ निराळे मांडले. एकाच खात्याच्या वहीत तोट्याची दिसणारी गोष्ट सबंध मुलुखाच्या वहीत कशी दिसते, हे त्यातून कळले. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याला याच गाडगीळांचा भरभक्कम आधार होता, हे येथे आठवते.

तुलनेची ही पद्धत आपल्या गावच्या धंद्यात कशी वापरावी? 2002 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि शेतकऱ्यांना आपली उत्पादक कंपनी काढण्याचा मार्ग मोकळा झाला. आपल्या जिल्ह्यातही अशा कंपन्या हळद आणि सोयाबीनचा व्यवहार करतात. तेव्हा एक काल्पनिक कंपनी घेऊ. तिचे पाचशे सभासद आहेत आणि ती वर्षाला 10,000 क्विंटल हळद गोदामात ठेवते. तिने दोन पदवीधर आकडे पाहण्यास नेमले. पगार, संगणक व इतर मिळून त्यांचा वर्षाचा खर्च 7 लाख रुपये. जुन्या नोंदी पाहून त्यांच्या ध्यानी आले की बुरशीने आणि किडीने खराब होणारा माल बहुतेक अशा थप्प्यांतला आहे, ज्यांतील हळद शिजवून पॉलिश केली खरी, पण पुरती वाळलेली नव्हती. त्यांनी सुचवले : आर्द्रता मोजूनच माल आत घ्यावा, ओला असेल तर आणखी दोन दिवस वाळवावा.

संचालक विचारतील, याने फायदा होईल हे कशावरून? त्या दोघांनी वाद घालू नये. प्रत्येक शेतकऱ्याच्या मालाचे दोन सारखे वाटे करावेत, चिठ्ठी टाकून एक वाटा जुन्या रीतीने आणि दुसरा नव्या रीतीने ठेवावा. शेतकरी तोच, हळकुंडे तीच, गोदाम तेच, पावसाळा तोच. फरक काय तो रीतीचा. वर्षाअखेर जुन्या रीतीच्या 5,000 क्विंटलांपैकी 150 क्विंटल खराब निघाले आणि नव्या रीतीच्या 5,000 पैकी 100, असे धरू. वाचले 50 क्विंटल. क्विंटलला 12,000 रुपये भाव धरला तर 6 लाख रुपये. आता वजाबाकी करा. जादा वाळवल्याने वजनात 10 क्विंटलांची घट आली, ती 1 लाख 20 हजारांची. मजुरी आणि ताडपत्र्यांना 80 हजार लागले. उरले 4 लाख.

म्हणजे पहिल्या वर्षी दोघांचा खर्चही निघाला नाही! पण पुढच्या वर्षी सर्व माल नव्या रीतीने ठेवला तर हाच फायदा सुमारे 8 लाखांचा होईल, आणि तो दरवर्षी होत राहील. दोघे मात्र दुसऱ्या प्रश्नाकडे वळतील. म्हणून अशा खात्याचा हिशेब एका वर्षाच्या काट्यावर तोलू नये. पण तीन-चार वर्षे लोटल्यावरही ते आपला खर्च भरून काढू शकत नसेल तर मात्र सहानुभूतीने त्याला पोसूही नये. दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या आहेत.

किती खात्री झाल्यावर निर्णय घ्यावा, हाही प्रश्न आहे. डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेत 1899 साली विल्यम गॉसेट नावाचा तरुण नोकरीस लागला. सातू, हॉप्स आणि आंबवण यांच्या थोड्याशा नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढावा, हे त्याला रोजच्या कामात भेडसावत होते. त्यावर त्याने काढलेली रीत 1908 साली 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या संख्याशास्त्राच्या पुस्तकांत गेली. पण आम्हांस त्याची दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते. किती खात्री हवी हे त्याच्या मते पैशावर अवलंबून असते : प्रयोगाला खर्च किती आणि निर्णय चुकला तर नुकसान किती, हे पाहून ते ठरवावे. दोन दिवस जास्त वाळवण्याच्या निर्णयाला एका हंगामाचा प्रयोग पुरे. नवे शीतगृह बांधायचे असेल तर तेवढ्यावर भागणार नाही. विद्वत्ता मिरवण्यासाठी खात्री वाढवीत बसणारा आकडेवाला मालकाचे पैसेच खर्च करतो.

आणि आकडा खरा की खोटा हे अखेर आकड्याबाहेरच्या जगाने ठरवावे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी बंगालमध्ये तागाच्या पिकाचा अंदाज नमुना पाहणीने काढण्यास आरंभ केला तेव्हा, सगळे शेत न मोजता पीक कसे कळणार, अशी शंका घेतली गेली. सर्व शेते मोजण्याच्या पद्धतीला त्यांच्या पद्धतीच्या कितीतरी पट खर्च येत असे. पुढे गिरण्यांत आणि बंदरात प्रत्यक्ष आलेल्या गाठींशी ताळा घातला, तेव्हा थोड्या खर्चाचा अंदाजच सत्याच्या अधिक जवळ निघाला. आमच्या साताऱ्याकडचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणीच्या प्रयोगांना शास्त्रीय बैठक दिली. आज पीकविम्याची भरपाई ठरताना त्या प्रयोगांवर कितीतरी कुटुंबांचे वर्ष अवलंबून असते. आकडा हलगर्जीपणाने काढला तर कोणाचे काय जाते, हे हिंगोलीच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. आकडेवारीच्या खात्याने एक नोंदवही ठेवावी. तीत प्रत्येक कामाच्या आरंभीच लिहावे : प्रश्न कोणाचा, निर्णय कोण घेणार, आमच्यावाचून त्यांनी काय केले असते, आम्ही काय सुचवले आणि त्यातून किती रुपयांचा फरक पडेल असा आमचा अंदाज आहे. निकाल लागल्यावर त्याच ओळीपुढे खरा आकडा मांडावा आणि त्यावर सही निर्णय घेणाऱ्याची घ्यावी, स्वतःची नव्हे. निकाल लागल्यावर लिहिलेला अंदाज हा अंदाज नव्हे. लग्न लागल्यावर सांगितलेला मुहूर्त आहे. सल्ला दिला पण ऐकला नाही, असेही लिहावे. आणि ऐकला पण फसला, असे असेल तर ते ठळक लिहावे. जी वही केवळ यश सांगते तिच्यावर कोणी संचालक विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

दुसरी गोष्ट, एकच रुपया दोनदा मोजू नये. खरेदी खाते म्हणते पन्नास हजार आम्ही वाचवले, गोदाम खाते म्हणते आम्ही, आकडेवाले म्हणतात आम्ही. बेरीज दीड लाख, आणि तिजोरीत मात्र पन्नासच! अशा वेळी आकडेवाल्यांनी स्वतःच पुढे होऊन म्हणावे, हे पन्नास हजार तिघांनी मिळून वाचवले. त्यात त्यांचे काही कमी होत नाही. आकड्यांचा राखणदारच जर आकडा फुगवू लागला, तर त्याच्या बाकीच्या आकड्यांवर कोण भरवसा ठेवील?

सर्वच मोल रुपयांत मांडता येते, असा मात्र आमचा दावा नाही. जो व्यवहार करू नका म्हणून सांगितले आणि केला नाही, त्याचा तोटा कोणाच्याच वहीत येत नाही. काट्यावर चोख नोंद होते हे कळल्याने सभासदाचा कंपनीवर जो विश्वास बसतो, त्याला क्विंटलचा भाव नसतो. अशा गोष्टी शब्दांत सांगाव्यात, त्यांना ओढूनताणून रुपयांचे लेबल लावू नये.

मालकांना आमची विनंती अशी की, आकडेवाल्यांना निर्णयाच्या बैठकीत बसवा. निर्णय झाल्यावर त्याला शोभेसे आकडे आणून द्यायला सांगितले, तर त्यांचे मोल तुम्हीच शून्य केले असे होईल. भागधारक शेतकऱ्यांना विनंती अशी की, सर्वसाधारण सभेत किती अहवाल निघाले हे विचारू नका. त्या अहवालांनी कोणता निर्णय बदलला, ते विचारा. आणि बाहेरगावी नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांना सांगायचे ते एवढेच : साहेबांसाठी जे उत्तर तयार कराल तेच आजोबांनाही समजेल अशा भाषेत करा. "दोन दिवस जास्त वाळवायला सांगितले आणि शंभर पोत्यांतले एक सडायचे वाचले" हे उत्तर आजोबांना कळते, आणि आमची खात्री आहे की संचालकांनाही तेच सर्वांत आधी कळते.